अमेरिकन फुटबॉल (बँड, १९९७-२०००): कालक्रम, मूळ रेकॉर्डिंग आणि एफ-ए-सी-जी-सी-ई ट्यूनिंगची भानगड

हार्मोनिक_बारा

अमेरिकन फुटबॉल या बँडवर एक दीर्घ लेख लिहायला घेतला आहे. खेळावर नव्हे, इलिनॉयमधल्या अर्बाना गावच्या बँडवर. नाव असं की शोधायला बसलं तर दहापैकी नऊ निकाल हेल्मेटवाल्यांचे येतात. जे सापडतं तेही एकमेकांशी जुळत नाही. अडलेल्या गोष्टी अशा:

१) बँड नक्की कधी सुरू झाला, कधी थांबला? कुठे दोन वर्षं लिहिलंय, कुठे तीन.
२) '१९९८ चा अमेरिकन फुटबॉल', '१९९९ चा', '२०१६ चा', '२०१९ चा'... सगळ्यांचं नाव एकच? मूळ काळातलं रेकॉर्डिंग नेमकं कोणतं धरायचं?
३) तिघांचाच बँड आणि बास वाजवणारा कोणीच नाही, तरी अल्बमवर बास ऐकू येतो. हे कसं?
४) लेखासोबत १९९९ च्या अल्बममधल्या 'नेव्हर मेंट' या गाण्याच्या ट्यूनिंगबद्दल एक चौकट द्यायची आहे. गिटारच्या सहा तारा एफ-ए-सी-जी-सी-ई अशा लावल्या की चौथी तार झणझणते आणि जोरात छेडली की चढी लागते. गिटारमध्ये दोष आहे की ट्यूनिंगच तसं?

ऐकीव किश्शांपेक्षा पक्की माहिती हवी आहे.

---

जुनी_कॅसेट

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो. ट्यूनिंगचं बघायला तार_खुंटी येतीलच.

सुरुवात १९९७, अर्बाना. इलिनॉय विद्यापीठाचं आवार अर्बाना आणि शॅम्पेन या जुळ्या गावांवर पसरलेलं आहे, म्हणून काही ठिकाणी 'शॅम्पेनचा बँड' असंही लिहिलेलं सापडेल. दोन्ही चालतं. तिघे जण: माइक किन्सेला (गायन, गिटार), स्टीव्ह होम्स (गिटार), स्टीव्ह लॅमोस (ड्रम आणि ट्रंपेट).

याआधीचा एक धागा लेखात यायलाच हवा. किन्सेला आणि लॅमोस त्याआधी 'द वन अप डाउनस्टेअर्स' नावाच्या चौघांच्या बँडमध्ये होते. त्या बँडने तीन गाणी रेकॉर्ड केली, पण ती बाजारात यायच्या आतच बँड मोडला आणि गाणी कित्येक वर्षांनी बाहेर आली. त्याही आधी किन्सेला 'कॅपन जॅझ'मध्ये ड्रम वाजवत असे. गायक त्याचा भाऊ टिम. तो बँड १९९५ मध्ये संपला. म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा गायक-गिटारवादक मुळात ड्रमर आहे. त्याच्या गिटारमध्ये कॉर्डपेक्षा ठोक्यांची विभागणी आधी जाणवते, त्याचं मूळ इथे असावं असं माझं मत.

मूळ काळातली प्रकाशित रेकॉर्डिंग फक्त दोन, दोन्ही पॉलिव्हिनिल रेकॉर्ड्स या कंपनीची:

१९९८: तीन गाण्यांची ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड). नाव 'अमेरिकन फुटबॉल'.
१९९९ (१४ सप्टेंबर): नऊ गाण्यांचा, सुमारे ४० मिनिटांचा अल्बम. नाव पुन्हा 'अमेरिकन फुटबॉल'. अर्बानातल्याच प्रायव्हेट स्टुडिओजमध्ये ब्रेंडन गॅम्बलने रेकॉर्ड केला.

बारा गाणी, संपलं. २००० मध्ये बँड थांबला. १९९७ ते २००० म्हणजे कागदावर तीन वर्षं होतात. पण पहिली ईपी ते शेवट एवढंच मोजणारे दोन म्हणतात. तुमच्या दोन-तीनच्या गोंधळाचं कारण तेच.

२०१४ च्या वाढीव आवृत्तीत जुनी न ऐकलेली रेकॉर्डिंग जोडली आहेत. शॅम्पेनच्या ब्लाइंड पिग या क्लबमधला १९९७ चा कार्यक्रम, १९९८ च्या सरावातली टेपरेकॉर्डरवर धरलेली गाणी वगैरे. ही मूळ काळातलीच, पण त्या काळात *प्रकाशित* झालेली नाहीत. लेखात 'मूळ काळातील ध्वनिमुद्रणे' आणि 'मूळ काळातील प्रकाशने' असे दोन रकाने करा, गोंधळ आपोआप मिटेल.

२०१६ आणि २०१९ चे अल्बम पुनर्मीलनानंतरचे. त्यांचीही नावं तीच, म्हणून लोक एलपी१, एलपी२, एलपी३ म्हणतात (एलपी म्हणजे पूर्ण लांबीचा अल्बम). १९९८ च्या ईपीला चुकून 'पहिला अल्बम' म्हणू नका. ही चूक सर्रास दिसते.

शोधताना बँडच्या नावापुढे 'पॉलिव्हिनिल' किंवा 'अर्बाना' टाका, हेल्मेटवाले गायब होतील.

---

तार_खुंटी

आलो.

गिटारमध्ये दोष नाही. ट्यूनिंगमध्येही नाही. दोष तारांच्या संचात आहे. आकडे मांडतो म्हणजे चौकटीत थेट टाकता येतील.

नेहमीचं ट्यूनिंग जाड तारेकडून: ई-ए-डी-जी-बी-ई. हवं ते: एफ-ए-सी-जी-सी-ई. सहापैकी तीनच तारा हलतात:

सहावी: ई वरून एफ, अर्धा स्वर वर (८२.४१ वरून ८७.३१ हर्ट्झ)
चौथी: डी वरून सी, एक पूर्ण स्वर खाली (१४६.८३ वरून १३०.८१)
दुसरी: बी वरून सी, अर्धा स्वर वर (२४६.९४ वरून २६१.६३)

पाचवी, तिसरी, पहिली जशीच्या तशी.

ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून अर्धा स्वर वर म्हणजे ताण साधारण १२ टक्के जास्त आणि एक स्वर खाली म्हणजे २१ टक्के कमी. ०.०१० ते ०.०४६ इंचाचा नेहमीचा संच आणि २५.५ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) धरली तर सहावी ७.९ किलोवरून ८.९ वर जाते, दुसरी ७ वरून ७.८ वर, आणि चौथी ८.३ वरून थेट ६.६ किलोवर उतरते.

आता गंमत बघा. तिन्ही बदलांची बेरीज जवळजवळ शून्य येते. आधी सगळ्या तारांचा मिळून ताण ४७ किलो, नंतरही ४७ च्या आसपासच. मान वाकत नाही, तरंगता ब्रिज (स्प्रिंगवर तोललेला, ताणाने हलणारा) असेल तर तोही शेवटी होता तिथेच येऊन बसतो. ट्रस रॉडला (मानेचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या दांड्याला) हात लावायचं कारण नाही. 'झणझणतेय' म्हटलं की पहिला सल्ला 'रॉड सैल करा' असाच मिळतो. तो इथे चुकीचा. पाच तारा व्यवस्थित आहेत, सैल पडलीय ती एकच.

सैल तारेचा झोका मोठा, म्हणून ती फ्रेटला घासते. छेडल्याच्या क्षणी तिचा ताण प्रमाणाबाहेर वाढतो, म्हणून सूर आधी चढा लागून मग खाली बसतो. तुमची दोन्ही लक्षणं या एकाच कारणाची.

उपाय: फक्त चौथी तार बदला. ०.०२६ काढून ०.०२८ लावा, सुटी मिळते. ताण साडेसात किलोच्या वर येतो, म्हणजे बाकीच्यांच्या पंगतीत. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच ०.०२६ साठी कापलेली असेल तर नवी तार त्यात घट्ट बसू शकते. खुंटी फिरवताना 'टिक्' असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय. तार बाजूला काढून खाचेत पेन्सिलीच्या शिशाची पूड घासा. तरी अडकली तर खाच किंचित रुंद करून घ्यावी लागेल. घरच्या सुईने कोरत बसू नका, खाच खोल गेली की मोकळी तारच पहिल्या फ्रेटला लागते.

तार बदलल्यावर त्या तारेचं इंटोनेशन पुन्हा जुळवा: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून काढलेला स्वर सारखे यायला हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे.

लावायचा क्रम: आधी चौथी उतरवा, मग सहावी चढवा, मग दुसरी. उलट क्रमाने केलंत तर मधल्या काळात एकूण ताण वाढतो आणि तरंगत्या ब्रिजवर बाकीच्या तारा उतरतात. मग तुम्ही त्या चढवत बसता, शेवटी चौथी उतरवली की सगळ्या चढ्या. चौथी उतरवताना सीच्या थोडं खाली जाऊन मग वर या, म्हणजे खुंटीतला ढिलेपणा निघतो. सगळं झालं की पुन्हा एक फेरी, दोन मिनिटं थांबून तिसरी.

कानाने तपासायला तीन जागा:
चौथीचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक = मोकळी दुसरी.
सहावीचा सातव्या फ्रेटवरचा हार्मोनिक = मोकळी दुसरी.
चौथीचा सातव्यावरचा = तिसरीचा बाराव्यावरचा.

पाचवी मात्र कानाने लावू नका. मोकळ्या सगळ्या तारा छेडल्या की एफ मेजर नाइन हा कॉर्ड मिळतो आणि त्यात ए हा गंधार. कान त्याला गोड करायला म्हणून जवळपास १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरवून मागतो. एकट्याने वाजवताना ते फार छान लागतं, दुसरी गिटार आली की भांडण सुरू. ती तार ट्यूनरवरच लावा.

आणि हो, चौकटीत स्पष्ट लिहा: हे ट्यूनिंग *त्या गाण्याचं* आहे. सगळा अल्बम याच ट्यूनिंगमध्ये आहे असं लिहिलेलं दिसतं, ते खोटं.

---

अनवट

जुनी_कॅसेट, कालक्रम चोख दिला आहे. एक भर घालते, कारण या बँडवरच्या लेखांमध्ये गावाचा उल्लेख एका ओळीत उरकतात आणि 'शिकागोचा बँड' लिहून मोकळे होतात. शिकागो तिथून सुमारे २२० किलोमीटर उत्तरेला. पण बँड घडला तो अर्बानात.

गाव महत्त्वाचं का? इतक्या छोट्या जागी इतकी तयार यंत्रणा होती म्हणून. पोस्टर चिल्ड्रन हा बँड १९८७ पासून तिथे. हम हा शॅम्पेनचाच, त्यांचा १९९५ चा अल्बम आरसीएसारख्या मोठ्या कंपनीने काढला. ब्रेड हा १९९३ पासूनचा, तोही पॉलिव्हिनिलवर आला आणि १९९९ मध्ये थांबला. टपालाने रेकॉर्ड विकणारं पॅरासोल तिथलंच. पॉलिव्हिनिल डॅनव्हिलचं, म्हणजे पूर्वेला जेमतेम पाऊण तासाच्या रस्त्यावर. मॅट लन्सफर्ड आणि डार्सी नाइट या शाळकरी वयाच्या जोडीने फॅनझीनपासून (चाहत्यांनी घरीच काढलेल्या मासिकापासून) सुरू केलेलं. पुढे ते शॅम्पेनलाच आलं. स्टुडिओ गावात, लेबल शेजारी, वाजवायला ब्लाइंड पिग, ऐकायला विद्यार्थी. तीन पोरांनी बारा गाणी करायला आणखी काय लागतं?

पण हीच यंत्रणा बँड टिकू देत नाही. विद्यापीठाच्या गावात बँडचं आयुष्य पदवीच्या वेळापत्रकाला बांधलेलं. शिक्षण संपलं, घराचा भाडेकरार संपला की सरावाची जागाही जाते. अमेरिकन फुटबॉलमध्ये भांडण नव्हतं, कंपनीने फसवलं नव्हतं. शिक्षण संपत आलं होतं आणि अल्बम आला तेव्हा मंडळी पांगायला लागली होती. अल्बम आल्यावर त्याच्या जोरावर लांब दौरा करायचा हा नेहमीचा रिवाज त्यामुळे झालाच नाही. लेखात 'बँड फुटला' असं लिहू नका, 'सत्र संपलं' जास्त जवळचं.

आणि दौरा नाही म्हणून प्रसिद्धी नाही. अल्बम पसरला तो हळूहळू, एकाने दुसऱ्याला फाइल देत. 'मिडवेस्ट इमो' (अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या भावुक गिटार-रॉकचा प्रकार) हा शिक्का आज या अल्बमवर आधी मारला जातो. १९९९ मध्ये मात्र त्याची विशेष दखल कोणी घेतली नव्हती.

अवांतर: एका गावातून १९६७ मध्ये आरईओ स्पीडवॅगन आणि तीस वर्षांनी हे. पाणीच तसं असावं.

---

पितळी

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

अल्बमवरचा बास किन्सेलानेच वाजवला आहे, नंतर वेगळ्या ट्रॅकवर. मूळ काळात बँडमध्ये बासवादक नव्हता. कार्यक्रमात दोन गिटार आणि ड्रम. माइकचा चुलतभाऊ नेट किन्सेला बासवर आला तो २०१४ मध्ये. जुन्या रेकॉर्डिंगच्या नामावलीत त्याचं नाव घालू नका, ही चूक छापील लेखातही पाहिली आहे.

तार_खुंटी यांनी सांगितलेल्या ट्यूनिंगचा इथे संबंध लागतो. मोकळी सहावी एफ आणि मोकळी चौथी सी: षड्ज-पंचम आयता मिळतो. अंगठ्याने या दोन तारा आणि बाकीच्या बोटांनी वरच्या तारा असं वाजवलं की बासची जागा रिकामी भासत नाही. गाणं तीन जणांत बसवायचं असेल तर सहाव्या तारेला पिकने ठोकू नका. अंगठ्याच्या मांसल भागाने छेडा, नाहीतर गिटारचा आवाज बास ड्रमच्या जागेतच गर्दी करतो. गिटारला डिस्टॉर्शन नको. एफ मेजर नाइनमध्ये ई आणि एफ, दोन्ही आहेत. डिस्टॉर्शन वाढवलं की या दोघांच्या फरकाचा घरघराट कॉर्डवर चढतो. स्वच्छ आवाज आणि हलका कंप्रेसर पुरतो.

ट्रंपेट. लॅमोस ड्रम आणि ट्रंपेट दोन्ही करतो हे वाचून लोकांना एकाच वेळी वाटतं. अल्बमवर थर वेगळे आहेत. ट्रंपेटचे तीन व्हॉल्व्ह उजव्या हाताची बोटं दाबतात, वाद्य पेलतो डावा हात. काठी धरायला हात उरत नाही, उरतात दोन पाय: बास ड्रम आणि हाय-हॅटचं पायडल. प्रत्यक्ष वाजवताना ट्रंपेटच्या ओळी तिथेच येऊ शकतात जिथे ड्रम थांबलेत किंवा पायांवर भागतंय. बसवणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा, नाहीतर चौथा माणूस घ्यावा.

आणखी एक नेहमीचा घोळ. ट्रंपेट बी-फ्लॅटचं वाद्य. वादकाने कागदावरचा सी वाजवला की ऐकू येतो बी-फ्लॅट. गिटारची ओळ जशीच्या तशी लिहून त्याच्या हातात दिली तर तो सगळं एक स्वर खाली वाजवणार: गिटार एफमध्ये, ट्रंपेट ई-फ्लॅटमध्ये. त्याच्यासाठी सगळं एक पूर्ण स्वर वर लिहा. एफ मेजरचं गाणं त्याच्या कागदावर जी मेजरमध्ये, एका शार्पसह. आणि गिटार ट्यूनरवर लावलेली असते, ट्रंपेट मात्र थंड असताना उतरं लागतं. पाच-सात मिनिटं फुंकून गरम केल्यावर मगच ट्यूनिंग स्लाइड जुळवा.

वुर्लित्झर (विजेवरचा पियानो) शेवटच्या गाण्यात आहे, ते नावातच लिहिलंय, वाजवणारा होम्स. बाकी त्यात शब्द नाहीत. नऊपैकी दोन गाणी अशी बिनशब्दांची आहेत, आणि १९९८ च्या ईपीतलं एक.

---

हार्मोनिक_बारा

फार उपयोगाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. 'सत्र संपलं' हे मी उचलतोय, अनवट ताई.

चौथी तार ०.०२८ ची लावली, झणझण गेली. आता दोन उपप्रश्न.

अ) एका व्हिडिओत सांगतात की दुसरी तार चढवताना तुटायची भीती असेल तर सगळं अर्धा स्वर खाली लावा आणि पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. हे बरोबर आहे का?
आ) दोन्ही गिटारींचे भाग वेगवेगळे नीट येतात. एकत्र वाजवले की घसरतात. मेट्रोनोम लावूनही. कुठे चुकतंय?

---

तार_खुंटी

अ) हिशेबाने बरोबर, व्यवहारात अर्धवट. अर्धा स्वर खाली म्हणजे ई, जी-शार्प, बी, एफ-शार्प, बी, डी-शार्प. सहावी आणि दुसरी हलतच नाहीत, तुटायचा प्रश्न मिटला. पण चौथी आता डी वरून बी वर, म्हणजे दीड स्वर खाली येते. ०.०२६ ची असेल तर ताण ५.९ किलो. ज्या दुखण्यासाठी आलात तेच दुप्पट. एकूण ताणही पाचेक किलोने घटतो, मान मागे सरकते, आणि मग मात्र रॉडची भानगड खरोखर निघते. शिवाय कापो सैल तारेला जास्त दाबतो, चौथी आणखी चढी. कापो लावायचाच असेल तर फ्रेटला अगदी चिकटवून आणि तार वाजेल इतक्याच दाबाने, आणि लावल्यावर पुन्हा ट्यून करा.

०.०१३ ची दुसरी तार अर्धा स्वर चढवल्याने सहसा तुटत नाही. तुटली तर *कुठे* तुटली ते बघा. नटपाशी तुटली तर खाचेला धार आहे, सॅडलपाशी तुटली तर सॅडलला. नवी तार लावून पुन्हा तिथेच तुटणार. ती जागा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, कापोची गरज नाही.

सतत दोन ट्यूनिंगमध्ये ये-जा करणं हे तारेला जास्त मारतं. शक्य असेल तर एक गिटार याच ट्यूनिंगवर ठेवून द्या.

---

अनवट

आ) मेट्रोनोममुळेच घसरत असाल.

या बँडने स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराच्या मिनिमल संगीताचा प्रभाव उघड सांगितलेला आहे, आणि दोन गिटारींची वीण त्याच जातीची. छोटं वाक्य, पुन्हा पुन्हा, आणि दोघांची वाक्यं एकाच ठिकाणी सुरू होत नाहीत किंवा एकाच लांबीची नसतात. प्रत्येक जण आपापल्या वाक्याच्या पहिल्या स्वरावर जोर देतो, कारण एकट्याने सराव करताना तीच सम वाटते. एकत्र आल्यावर दोन समा होतात आणि ड्रमर तिसरी धरून बसलेला.

हा व्यायाम करा. गाणं बाजूला ठेवा. एकाने ६ आठव्या मात्रांचं वाक्य घ्यायचं, दुसऱ्याने ८ चं, मोकळ्या तारांवरच. दोघं पुन्हा एकत्र येतील ते २४ व्या मात्रेनंतर: पहिल्याची ४ आवर्तनं, दुसऱ्याची ३. जोर कोणीच द्यायचा नाही. पाय मात्र दोघांचा एकाच ठोक्यावर. २४ वर न मोजता एकत्र आलात की मग ६ आणि ७ घ्या, तिथे ४२ नंतर भेट. यात मेट्रोनोमचा पहिल्या ठोक्याचा वेगळा 'टिंग' बंद ठेवा, सगळे ठोके सारखे हवेत. तो टिंगच तुम्हाला खोटी सम दाखवतो.

ऐकण्याची युक्ती: अल्बमवर दोन गिटारी डाव्या-उजव्या बाजूला विभागल्या आहेत. हेडफोनची एक बाजू काढून एकेक भाग ऐका, पण शिकताना त्यासोबत ड्रम ऐकू येईल इतपतच. संपूर्ण वेगळा भाग पाठ केलात की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जो भाग बसवताय त्याचा पहिला स्वर *ड्रमच्या* कोणत्या ठोक्यावर येतो हे कागदावर लिहा. दुसऱ्या गिटारशी नातं ड्रममार्फतच धरा.

---

जुनी_कॅसेट

पुनर्मीलनाबद्दल थोडक्यात, म्हणजे लेखाचा शेवट चुकणार नाही.

एप्रिल २०१४ मध्ये घोषणा, मे महिन्यात पहिल्या अल्बमची वाढीव आवृत्ती, सप्टेंबरमध्ये शॅम्पेन-अर्बानाच्याच पिग्मेलियन महोत्सवात कार्यक्रम, मग न्यू यॉर्कच्या वेबस्टर हॉलमध्ये. दुसरा अल्बम ऑक्टोबर २०१६, तिसरा मार्च २०१९. तिसऱ्यावर हेली विल्यम्स, स्लोडाइव्हची रेचल गॉसवेल आणि लँड ऑफ टॉकची एलिझाबेथ पॉवेल यांचे आवाज आहेत. लॅमोस २०२१ मध्ये बाहेर पडला आणि २०२३ मध्ये परतला. २०२४ मध्ये पहिल्या अल्बमला २५ वर्षं झाली म्हणून नवी आवृत्ती आणि इतर कलाकारांनी तीच गाणी गायलेला वेगळा अल्बम निघाला.

मधल्या काळात किन्सेला रिकामा बसला नव्हता. 'ओवेन' या नावाने त्याची एकट्याची गाणी २००१ पासून येत आहेत. लॅमोस कोलोरॅडो विद्यापीठात लेखन शिकवायला लागला. '१४ वर्षं गप्प' असं लिहायचं तर बँडबद्दल लिहा, माणसांबद्दल नको.

आता घर. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचं ते हिरवट प्रकाशातलं घर अर्बानाच्या वेस्ट हाय स्ट्रीटवर आहे, छायाचित्र क्रिस स्ट्राँगचं. खालून वर तिरकं घेतलेलं: अंधारलेला दर्शनी भाग, वरच्या मजल्याची खिडकी उजळलेली. अंगण नाही, दार नाही, माणूस नाही. २०१६ च्या मुखपृष्ठावर त्याच घराच्या आतला भाग आहे. २०१९ च्या मुखपृष्ठावर घर नाहीच, गावाबाहेरची शेतं आहेत. २०१४ मध्ये 'नेव्हर मेंट'चा व्हिडिओही त्याच घरात झाला. २०२३ मध्ये बँडने पॉलिव्हिनिल, छायाचित्रकार आणि आणखी काही जणांबरोबर मिळून ते घर विकत घेतलं, म्हणजे पाडलं जाऊ नये. तोवर ते भाड्याने दिलं जाणारं साधं घर होतं. बँड तिथे राहायचा, तिथे रेकॉर्डिंग झालं वगैरे लिहू नका. रेकॉर्डिंग प्रायव्हेट स्टुडिओजमध्ये.

---

हार्मोनिक_बारा

मसुद्यात नेमकं तेच वाक्य होतं, 'याच घरात अल्बम ध्वनिमुद्रित झाला'. काढलं. नेटचं नावही १९९९ च्या यादीत होतं, तेही काढलं.

६-८ चा व्यायाम करून पाहिला. २४ वर येतोय, ४२ वर अजून नाही.

---

अनवट

४२ ला सात मोजू नका. चार-तीन असे पाडा, आणि सहाला तीन-तीन. दोघांच्या शेवटच्या तीन जुळायला लागल्या की आपोआप याल.

---

पितळी

आणि चौकटीत ट्रंपेटची ओळ देणार असाल तर वर 'बी-फ्लॅट ट्रंपेटसाठी' असं लिहायला विसरू नका. नाहीतर पहिला प्रतिसाद 'बेसूर लागतंय' हाच येणार.